घरी चाली बांधायच्या आहेत? पहिला कीबोर्ड असा निवडा

चाल सुचते ती वेळ पाहून सुचत नाही. स्वयंपाक करताना मुखड्याची ओळ ओठावर येते, आणि लॅपटॉप उघडून, सॉफ्टवेअर सुरू करून, हेडफोन शोधेपर्यंत तिची एखादी जागा हमखास निसटते. म्हणून गाणी करू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न हाच विचारते: बटण दाबल्यापासून सूर निघेपर्यंत तुम्हाला किती थांबावं लागणार आहे? किती आवाज, किती ताल, किती बटणं हे सगळं त्यानंतर.

या कसोटीवर माझं मत ठाम आहे. घरी बसून चाली बांधू पाहणाऱ्या बहुतेकांसाठी पहिलं वाद्य म्हणजे ६१ कीजचा, टच असलेला (बोटाच्या जोराप्रमाणे आवाज कमी-जास्त होणारा), पिच बेंडचं म्हणजे सूर वर-खाली सरकवणारं चाक असलेला आणि स्वतःचे स्पीकर असलेला साधा पोर्टेबल कीबोर्ड. ज्यांना यापेक्षा वेगळं घ्यायला हवं, त्यांच्याबद्दलही पुढे लिहिलं आहे.

आधी प्रकार ओळखा

दुकानात सगळं एकाच रांगेत मांडलेलं असतं आणि सगळ्यांना ‘कीबोर्ड’च म्हणतात, पण त्यात निदान तीन वेगळ्या जाती असतात.

पहिला पोर्टेबल कीबोर्ड. यात आवाज, ताल, स्पीकर सगळं आत असतं. वजनाला हलका असतो. यामाहाचा पीएसआर-ई३७३ साडेचार किलोच्या आसपास, कॅसिओचा सीटी-एस३०० तर त्याहूनही हलका. दोन्ही सहा पेन्सिल सेलवर चालतात. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसलेली गावं अजून पुष्कळ आहेत, तिथे ही सोय मोठी आहे.

दुसरा डिजिटल पियानो. ८८ कीज, आणि प्रत्येक की दाबताना खऱ्या पियानोसारखं वजन जाणवतं. पियानोच शिकायचा असेल, परीक्षा द्यायच्या असतील तर हाच घ्या, दुसरा विचार करू नका. पण यामाहाच्या पी-४५ सारखा सुटसुटीत पियानोसुद्धा साडेअकरा किलोचा आणि चांगला सव्वाचार फुटांहून लांब असतो. तो एका जागी कायम मांडून ठेवावा लागतो, आणि त्यात ताल फारसे नसतात.

तिसरा मिडी कंट्रोलर. नवख्या माणसाची सगळ्यात जास्त फसगत इथे होते. हा दिसतो कीबोर्डसारखा, पण त्याच्या आत आवाजच नसतो. तो संगणकाला फक्त निरोप पाठवतो: कोणती की दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली. आवाज निघतो तो संगणकातल्या सॉफ्टवेअरमधून. आकाई एमपीके मिनी, आर्टुरिया मिनीलॅब ही यातली लोकप्रिय नावं. दोन्हींना २५ बारक्या कीज आहेत. तुम्ही आधीपासून संगणकावर संगीत करत असाल, बीट्स बनवत असाल, तर कंट्रोलर घेणं शहाणपणाचं. संगणकाशी ओळख नसताना केवळ स्वस्त आणि देखणा म्हणून घेऊ नका.

सिंथेसायझर आणि वर्कस्टेशन ही पुढची पायरी. पहिल्या वाद्यासाठी त्यांच्या वाटेला जाण्याची गरज नाही.

किती कीज?

एका सप्तकात काळ्या-पांढऱ्या मिळून १२ कीज. म्हणजे २५ कीजमध्ये दोन सप्तकं, ४९ मध्ये चार आणि ६१ मध्ये पाच. घरातली नेहमीची पेटी सव्वातीन ते साडेतीन सप्तकांची असते, तेव्हा गाण्याच्या चालीला ४९ कीज पुरतात असं कुणी म्हटलं तर ते खोटं नाही. पण गाणं रचताना डावा हात खाली कॉर्ड (एकत्र दाबलेले तीन-चार सूर) धरतो आणि उजवा वर चाल वाजवतो. दोघांना मोकळं फिरायला ६१ हव्यात.

पेटी वाजवणाऱ्यांसाठी इथे एक मोठा बदल आहे. इतकी वर्षं डावा हात भात्यावर होता, तो आता रिकामा झाला. सुरुवातीला तो मांडीवर पडून राहतो. त्याला काम द्यायचं हे मनाशी धरूनच कीबोर्ड निवडा.

कीजचा आकारही हाताने तपासा. मिनी कीज बोटांना इतक्या जवळ असतात की पुढे मोठ्या कीबोर्डवर हात चुकतो. लहान मुलासाठी घेत असाल तरी मी पूर्ण आकाराच्याच कीज घ्या असं सांगेन.

टच: इथे पैसे वाचवू नका

पेटीवर की हळू दाबा की जोरात, आवाजाचा जोर भात्यातून येतो. कीबोर्डला भाता नाही. लहान-मोठा आवाज फक्त बोटाच्या वेगातून येऊ शकतो, आणि तो येण्यासाठी कीबोर्ड ‘टच सेन्सिटिव्ह’ किंवा ‘टच रिस्पॉन्स’वाला असावा लागतो. तो नसेल तर प्रत्येक सूर एकाच जोराने निघतो. हळुवार भावगीताची ओळ आणि ढोलकीवरची ओळ सारख्याच ताकदीने ऐकू येते, आणि चाल चांगली असूनही वाजवून पाहताना ती मेल्यासारखी वाटते. नवशिके अशा वेळी स्वतःच्या चालीलाच दोष देतात, हे फार वाईट.

पेच असा की टच असलेली आणि नसलेली मॉडेलं दिसायला जुळी असतात. कॅसिओचे सीटी-एस२०० आणि सीटी-एस३०० शेजारी ठेवले तर लांबून फरक कळत नाही. २०० ला टच नाही आणि पिच बेंडचं चाकही नाही; ३०० ला दोन्ही आहेत. यामाहात पीएसआर-ई२७३ ला टच नाही, ई३७३ ला आहे. किमतीतला फरक काही हजारांचा असतो. तेवढ्यासाठी महिनाभर थांबावं लागलं तर थांबा.

मींड, श्रुती आणि ते डावीकडचं चाक

आपल्या गाण्यात दोन सुरांमधली वाट महत्त्वाची. की दाबली की सूर सुरू, सोडली की बंद. मधली वाट कीबोर्डवर नसतेच. पेटीवर हाच आक्षेप होता. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१ नंतरच हळूहळू सैल झाली. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनी पेटीवर गायकीचा भास निर्माण केला तो बोटांच्या असामान्य हुशारीने.

कीबोर्डवर निदान मींडेची, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाण्याची, सोय करता येते, ती पिच बेंडच्या चाकाने. चाक डाव्या टोकाला असतं. सहसा मूळ सेटिंगमध्ये ते पूर्ण वर ढकललं की सूर दोन अर्धस्वर चढतो, पूर्ण खाली ओढलं की तितकाच उतरतो. म्हणजे रे दाबून चाक वर नेलं की ग. त्याहून गोड लागतं ते उलट: चाक आधीच खाली ओढून धरा, ग दाबा, आणि चाक सावकाश सोडा. सूर रे वरून गवर चढत येईल. हे बासरी, सारंगी, सतारीच्या आवाजात करून पाहा. पियानोच्या आवाजात ते विचित्रच वाटणार. पेटीवाल्यांचा डावा हात इथे लवकर रुळतो, भाता मारताना जोर कमी-जास्त करायची त्याला सवय असते.

चाक नसलेला कीबोर्ड घेऊ नये का? नुसते कॉर्ड वाजवून गाणारे असाल, तर चालेल. भावगीत, अभंग, लावणी, नाट्यपदाच्या अंगाने चाली बांधणार असाल, तर चाक असलेलाच घ्या. ई३७३ हा चांगला कीबोर्ड आहे, पण त्याला हे चाक नाही, हे आधी माहीत असू द्या.

श्रुतीबद्दल थोडं. कीबोर्डचे बारा सूर समान अंतरावर मांडलेले असतात. त्यामुळे त्याचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (दोन शेजारच्या कीजमधलं अंतर १०० सेंट). तंबोऱ्यावर गळा तयार झालेल्याला हे लगेच खुपतं. महागड्या मॉडेलांत एकेक सूर सेंटमध्ये हलवायची सोय मिळते, पहिल्या कीबोर्डात ती शोधत बसू नका. चाल बांधायला कीबोर्ड, सूर लावायला तंबोरा, अशी वाटणी केलीत तर दोघांचंही बरं चालतं.

भारतीय ताल आणि आवाज

साध्या मॉडेलांत बहुतेक ताल पाश्चात्त्य असतात. केरवा, दादरा, भजनी ठेका हवा असेल तर भारतासाठी काढलेली मॉडेलं बघा. यामाहाच्या पीएसआर-आय मालिकेत, उदाहरणार्थ आय५०० मध्ये, ‘रियाज’ नावाची सोय आहे: तबला आणि तानपुरा एकत्र लावून गात बसता येतं. कॅसिओ अशा मॉडेलांच्या नावाच्या शेवटी ‘आयएन’ लावतं.

ऑटो अकंपनीमेंटबद्दल मात्र सावध करते. डाव्या हाताने कॉर्ड धरला की सगळा वाद्यवृंद वाजायला लागतो आणि पहिले आठ दिवस भारी मजा येते. पण तो वृंद मेजर-मायनरच्या हिशोबाने बांधलेला असतो. मारवा किंवा तोडीच्या अंगाची चाल त्यात बसवायला गेलात तर सूर एकमेकांशी भांडतात, आणि नकळत तुम्ही चालच बदलून सोपी करता. चाल बांधताना वृंद बंद ठेवा, नुसता ठेका चालू ठेवा. चाल पक्की झाली की मग सजावट.

कीबोर्ड उलटा करून मागची बाजू बघा

विक्रेता पुढची बटणं दाखवतो, तुम्ही मागची भोकं बघा.

‘यूएसबी टू होस्ट’ लिहिलेलं चौकोनी पोर्ट हवं. प्रिंटरला लावतो तीच केबल बहुतेकदा इथे लागते. ते असेल तर हाच कीबोर्ड उद्या मिडी कंट्रोलर म्हणूनही चालतो, वेगळा घ्यावा लागत नाही. काही मॉडेलांत याच केबलमधून आवाजही रेकॉर्ड होतो, काहींत फक्त मिडी, म्हणजे कीजचे निरोप, जातात. हे स्पष्ट विचारून घ्या.

सस्टेन पेडलचं पोर्ट हवंच. पियानोचा सूर की सोडताच तुटतो, पेडल दाबलं की रेंगाळतो. कीबोर्ड सुरू करताना पेडलवर पाय ठेवू नका. पुष्कळ कीबोर्ड त्याच क्षणी पेडलची दिशा ओळखतात आणि मग ते उलटं वागायला लागतं: पाय उचलला की सूर लांबतो.

हेडफोनचं पोर्ट ३.५ मिमीचं आहे की जाड ६.३५ मिमीचं, ते बघून ठेवा. जाड असेल तर जोडणारी छोटी पिन वेगळी घ्यावी लागते. वाजवताना ब्लूटूथ हेडफोन वापरू नका, आवाज बोटांच्या मागून येतो.

अ‍ॅडॉप्टर कंपनीचाच वापरा. व्होल्टेज वेगवेगळं असतं, कुणाचं १२, कुणाचं ९.५, आणि पिनची ध्रुवताही प्रत्येकाची सारखी असेल असं नाही. घरातला वायफायचा अ‍ॅडॉप्टर पिन बसते म्हणून लावला तर कीबोर्ड कायमचा जाऊ शकतो.

पॉलिफोनी म्हणजे एका वेळी किती सूर वाजू शकतात. ४८ असली तरी सुरुवातीला पुरते. ३२ असेल आणि पेडलसकट तालही चालू असेल, तर जुने सूर मध्येच गळतात.

बजेट

किमती हलत्या असतात, म्हणून ढोबळच सांगते. दहा-बारा हजारांच्या आसपास टच नसलेले कीबोर्ड आणि छोटे कंट्रोलर येतात. पंधरा ते वीस हजारांत टच असलेले ६१ कीजचे, वीस ते तीसमध्ये भारतीय आवाजांची चांगली मॉडेलं, आणि चाळीसच्या पुढे डिजिटल पियानो. स्टँड, पेडल आणि कव्हरसाठी दोन-तीन हजार बाजूला ठेवा.

स्टँड लगेच हवाच असंही नाही. मांडी घालून वाजवायची सवय असेल तर कीबोर्ड बसक्या टेबलावर ठेवा; कोपर आणि कीज एका उंचीवर आल्या पाहिजेत. ६१ कीजचा कीबोर्ड साधारण ९४ सेंटिमीटर रुंद असतो, त्यामुळे चौरंगावर बसत नाही. जागा टेपने मोजूनच दुकानात जा.

दुकानात काय करायचं

ऑनलाइन स्वस्त मिळत असला तरी एकदा हात लावून या. मुंबईत धोबी तलावाला फुर्टाडोज आहे, १८६५ पासूनचं दुकान. प्रत्येक मोठ्या शहरात वाद्यांची अशी एक-दोन दुकानं असतातच. स्वतःचे वायरवाले हेडफोन घेऊन जा, कारण दुकानाच्या गोंगाटात स्पीकरवरून काही कळत नाही.

सगळ्यात आधी डेमोचं बटण दाबू नका. पियानोचा आवाज लावा आणि एकच की पाच वेळा दाबा, अगदी हळू ते जोरात. पाच वेगळे आवाज आले पाहिजेत. दोनच येत असतील, हळू आणि एकदम मोठा, तर टचची सेटिंग बदलायला सांगा. तरी तसंच राहिलं तर पुढचा कीबोर्ड बघा. मग काळ्या कीजच्या मागच्या टोकाला, अगदी आत, बोट ठेवून दाबा. स्वस्त कीबोर्डवर तिथे की जड जाते किंवा सूरच उमटत नाही, आणि काळी एक किंवा काळी चारमध्ये वाजवणाऱ्याचं बोट सतत तिथेच पडत असतं. पिच बेंडचं चाक पूर्ण ढकलून सोडा: सूर नेमका मूळ जागी परत यायला हवा.

मग आपली एक माहीत असलेली चाल वाजवा आणि सोबत गा. दुकानात लाज वाटते, तरी गा. आवाज तुमच्या गळ्याला साथ देतो का, हे त्याशिवाय कळत नाही.

जुना घेत असाल तर सगळ्या ६१ कीज ओळीने हळू दाबत जा. मध्येच एखादी भसकन मोठी वाजली तर आतला रबराचा संपर्क खराब झालेला असतो. कोकण-गोव्याच्या दमट हवेत वापरलेल्या कीबोर्डवर हे जास्त दिसतं. दुरुस्त होतं, पण तेवढी किंमत कमी करून मागा.

संगणकाला जोडताना

हे पहिल्या आठवड्यात करायलाच हवं असं नाही. केलंत तर सॉफ्टवेअरवर पैसे घालू नका. मॅक किंवा आयपॅडवर गॅरेजबँड मोफत आहे, बँडलॅब ब्राउझरमध्येच चालतं, रीपर भरपूर दिवस वापरून पाहता येतं.

की दाबल्यावर आवाज उशिरा आला तर कीबोर्ड बिघडलेला नाही. विंडोजवर हा उशीर कमी करणारा एएसआयओ ड्रायव्हर लागतो. साउंड कार्डचा स्वतःचा नसेल तर एएसआयओ४ऑल मोफत मिळतो. त्यात बफर साइझ (संगणक आवाजाचा किती तुकडा साठवून मग वाजवतो तो आकडा) २५६ ठेवा. ४४.१ किलोहर्ट्झला त्याचा उशीर साधारण ६ मिलिसेकंद, जो बोटांना जाणवत नाही. १०२४ ठेवलात तर तो २३ च्या वर जातो आणि ताल सुटायला लागतो. लॅपटॉप कुरकुरायला लागला तर ५१२ करा.

घरी आणल्यावर पहिली संध्याकाळ

आधी तुमची पट्टी शोधा. ती काळी एक असेल आणि तुम्हाला फक्त पांढऱ्यांवर वाजवता येत असेल, तर ट्रान्सपोज (सगळे सूर एकदम वर-खाली सरकवण्याची सोय) +१ करा. पांढरी एक दाबली की काळी एकचा सूर निघेल. घरातल्या जुन्या पेटीशी कीबोर्ड किंचित बेसूर लागला तर ट्यूनिंगमध्ये ४४० चा आकडा एक-दोन हर्ट्झने हलवून जुळवा.

डाव्या हाताला चार कॉर्ड द्या: सा-ग-प, म-ध-सां, प-नी-रें, ध-सां-गं. शुद्ध सुरांतल्या बहुतेक सोप्या चालींना हे चार पुरतात. चाल यमनकडे झुकत असेल तर रे-तीव्र म-ध जोडा. भैरवीकडे असेल तर सा-कोमल ग-प धरा आणि मधूनच कोमल रे-म-कोमल ध वर जाऊन परत या. भैरवीचा रंग त्या एका कॉर्डने उभा राहतो.

केरवा ८० च्या लयीत लावा, एकाच ओळीवर पंधरा मिनिटं काढा. मग फोन कीबोर्डच्या स्पीकरपासून हातभर लांब ठेवून गात-वाजवत रेकॉर्ड करा. कीबोर्डमधल्या रेकॉर्डिंगच्या बटणाने बोटांचं वाजवणं साठतं, तुमचा गळा नाही, म्हणून फोनच हवा. फाइलच्या नावात ओळीचा पहिला शब्द, पट्टी, ट्रान्सपोजचा आकडा आणि लय लिहा. बहुतेक कीबोर्ड बंद केले की ट्रान्सपोज शून्यावर येतो, आणि हा आकडा लिहून ठेवला नसेल तर दुसऱ्या दिवशी तीच चाल गळ्याला का बसत नाही हे शोधण्यात अर्धा तास जातो.